जुन्या तालिकेतून नव्या प्रणालीत जाताना: आधी काय साफ करायचं आणि काय नंतरसाठी ठेवायचं

तुमचा प्रश्न मी असा समजले: विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुमारे दोन लाख प्रती आहेत, जुनं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांचं झालंय आणि त्याची देखभाल लवकरच बंद होणार आहे. नवी प्रणाली म्हणून कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर ठरलं आहे. प्रशासन म्हणतं, सुट्टीच्या सहा आठवड्यांत काम उरका. प्रणाली बसवून देणारी कंपनी म्हणते, तुम्ही डेटा द्या, आम्ही आठवड्याभरात चढवून देतो. आणि तुम्हाला काळजी आहे ती तालिकेच्या, म्हणजे ग्रंथसूचीच्या, अवस्थेची. दुबार नोंदी, एकाच लेखकाच्या नावाची चार रूपं, रिकामे विषय. हे सगळं आधी साफ करायचं, की आहे तसं नेऊन नंतर निवांत बघायचं?

‘आधी’ किंवा ‘नंतर’ असं एका शब्दात मला सांगता येणार नाही, पण दोन्हींमधली रेघ कुठे मारायची हे सांगता येईल. नोंद किती खराब आहे, यावर ती रेघ मारू नका. ही चूक स्थलांतरानंतर दुरुस्त करता येईल का, एवढंच प्रत्येक वेळी विचारा. काही चुका दोन वर्षांनी लक्षात आल्या तरी पाच मिनिटांत निस्तरतात. काही चुका मात्र एकदा नव्या प्रणालीत गेल्या की मूळ माहितीच हरवते, आणि मग दुरुस्त करायला हातात काहीच उरत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. जुन्या प्रणालीतून मार्क (ग्रंथालयांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याचं प्रमाण) स्वरूपात नोंदी बाहेर काढता येतात की फक्त तक्ते मिळतात? मूळ डेटाबेसचा पासवर्ड तुमच्याकडे आहे की जुन्या कंपनीकडे? विभागीय ग्रंथालयं किती, आणि सगळी एकाच पद्धतीने नोंदी करत होती का? आरएफआयडी (पुस्तकांना लावायच्या रेडिओ चिप) आहे का? मी ही कामं नेहमी ग्रंथालयाच्या बाजूने केली आहेत, विक्रेत्याच्या बाजूने नाही, त्यामुळे माझं सांगणं त्या खुर्चीतून आहे.

तालिका म्हणजे नोंदींचा ढीग असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती धाग्यांची वीण असते. शीर्षकाची नोंद, तिच्याखाली प्रती, प्रत्येक प्रतीवर बारकोड, त्या बारकोडला जोडलेला वाचक, आणि त्या वाचकाच्या नावावरचं देणं. शीर्षकात ‘इतिहास’चं ‘इतिहस’ झालं असेल तर कुणीतरी बघेल आणि सुधारेल. पण प्रत आणि शीर्षक यांच्यातला धागा तुटला, तर हातातलं पुस्तक तालिकेच्या लेखी अस्तित्वातच नसतं. म्हणून माझा नियम असा: धागे आधी तपासायचे, मजकूर नंतर.

यात सर्वांत जास्त घात होतो बारकोडचा. एका ठिकाणी प्रतींची फाईल कुणीतरी ‘नुसती बघायला’ म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना सेव्ह केली. तिथले बारकोड सहा अंकी होते आणि जुन्या संग्रहाचे सगळे क्रमांक शून्याने सुरू व्हायचे. एक्सेलने त्यांना आकडे मानलं आणि पुढची शून्यं काढून टाकली. चाचणीच्या दिवशी देवघेवीच्या टेबलावर एका मदतनिसाने पुस्तक स्कॅनरखाली धरलं, बीप वाजला, आणि पडद्यावर आलं की अशी प्रत नाही. लेबलवर ००४५१२, प्रणालीत ४५१२. त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पुन्हा तीनदा स्कॅन केलं, कारण चूक यंत्राची असेल असं त्याला वाटलंच नाही. त्याला वाटलं आपण नीट धरलं नाही. त्या ग्रंथालयात सगळे बारकोड सहाच अंकांचे होते, म्हणून शून्यं परत भरता आली. विभागागणिक अंकांची संख्या वेगळी असती तर कुठल्या क्रमांकाची किती शून्यं गेली हे कुणालाही सांगता आलं नसतं. बारा आकडी किंवा त्याहून लांब बारकोड असतील तर एक्सेल त्यांना घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की तेच रूप फाईलमध्ये उतरतं. पंधरा आकड्यांपुढचे आकडे तर शून्यच होऊन बसतात. तेव्हा फाईल उघडायचीच असेल तर त्या रकान्याला आधीच ‘टेक्स्ट’ ठरवून आयात करा, किंवा सरळ ओपनरिफाइन हे डेटा साफ करण्याचं साधन वापरा. तारखांचंही तसंच. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली की परतीच्या तारखा बिघडतात, आणि त्यांच्याबरोबर दंडही.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच बारकोड दोन प्रतींना लागलेला असणं. जुन्या प्रणालींनी हे अनेकदा खपवून घेतलेलं असतं. कोहा घेत नाही. तिथे बारकोड एकमेवच लागतो, आणि वाचकाचा कार्ड क्रमांकही. अशा जोड्यांची यादी आजच काढा. ती संगणकावर सुटत नाही. पुस्तक हातात घेऊन, दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक प्रतीची क्रमवार नोंद असलेली वही) समोर ठेवून सोडवावी लागते. हे काम सुट्टी लागायच्या आत, पुस्तकं आणि माणसं जागेवर असताना व्हायला हवं.

आता संकेतांकडे येते. जुन्या प्रणालीत प्रतीच्या स्थितीसाठी बहुधा एकच रकाना असतो आणि त्यात वर्षानुवर्षं साठलेली अक्षरं आणि आकडे. कोहात प्रतीची माहिती मार्क नोंदीतल्या ९५२ या फील्डमध्ये, म्हणजे त्या क्रमांकाच्या रकान्यात, जाते आणि तिथे हीच स्थिती चार ठिकाणी विभागली जाते: निर्लेखित (संग्रहातून बाद केलेली), हरवलेली, खराब झालेली आणि देवघेवीस नसलेली. म्हणजे जुन्या एका संकेताचे चार अर्थ वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी तो संकेत मुळात का सुरू झाला हे माहीत असावं लागतं. एका ग्रंथालयात चारेकशे प्रतींवर ‘६’ होता आणि कार्यालयात कुणालाच त्याचा अर्थ सांगता येईना. शेवटी रॅकवर पुस्तकं लावणाऱ्या एका ज्येष्ठ परिचराने सांगितलं, ‘ही बाइंडिंगला गेलेली.’ पुस्तकं कधीच परत येऊन रॅकवर लागली होती. संकेत तेवढा तसाच राहिला होता. कंपनीने तो ‘उपलब्ध नाही’ म्हणून नेला असता तर चारशे पुस्तकं समोर असून कुणाला मिळाली नसती.

म्हणून मॅपिंगचा तक्ता, म्हणजे जुन्या कुठल्या रकान्यातलं काय नव्यात कुठे जाणार, हा कंपनीला बनवू देऊ नका. त्यांना फाईल कळते, तुमचं ग्रंथालय कळत नाही. तक्ता तुम्ही बनवायचा, देवघेव विभागातल्या आणि रॅकवरच्या जुन्या लोकांना शेजारी बसवून, आणि खाली ग्रंथपालांची सही घ्यायची. मी तर म्हणेन, पूर्ण कामातला सर्वांत मोलाचा कागद हाच.

त्याच तक्त्यात एक ओळ न चुकता घाला: जुन्या प्रणालीतला नोंद क्रमांक. कोहा प्रत्येक नोंदीला स्वतःचा नवा क्रमांक देतं. जुना क्रमांक ०३५ या फील्डमध्ये, पुढे ओळखीचं काही अक्षर लावून, ठेवून द्या. सहा महिन्यांनी एखादी नोंद विचित्र दिसली की मूळ काय होतं हे शोधायला तोच एक दोर असतो. शिवाय अभ्यासक्रमाच्या पानांवर, विभागांच्या संकेतस्थळांवर जुन्या तालिकेच्या लिंक पेरलेल्या असतात. जुना क्रमांक जपला असेल तर त्या सगळ्या नव्या नोंदींकडे वळवता येतात.

देवनागरी नोंदींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कंपन्या याला ‘कन्व्हर्जन करून देऊ’ एवढ्यावर उरकतात. जुन्या प्रणालीत मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसून विशिष्ट फॉन्टच्या आधारे साठवलेला असेल, तर आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. तो फॉन्ट लावला तरच ती मराठी दिसतात. कन्व्हर्टर ती बदलू शकतो, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असते. आणि एकाच रकान्यात मराठी शीर्षक, पुढे खरोखरचं इंग्रजी उपशीर्षक असेल, तर इंग्रजीचीही देवनागरी होऊन अर्थहीन अक्षरं उमटतात. त्यामुळे भाषेच्या संकेतानुसार नोंदींचे गट करून, एकेक गट घेत बदल करा आणि मिश्र नोंदी बाजूला काढून माणसाच्या डोळ्यांखालून घाला.

दुसरा धोका मोजमापाचा आहे. मार्क नोंदी ज्या आयएसओ २७०९ स्वरूपात साठवतात, त्यात नोंदीच्या सुरुवातीला २४ वर्णांचा लीडर, म्हणजे नोंदीची माहिती देणारा तुकडा, असतो आणि त्यातले पहिले पाच अंक नोंदीची एकूण लांबी सांगतात. पाचच अंक, म्हणून एक नोंद ९९,९९९ बाइटपेक्षा मोठी होऊच शकत नाही. यूटीएफ-८ या युनिकोडच्या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो, आणि ‘कि’मध्ये वर्ण दोन असतात, क आणि इकार. फाईल बनवणाऱ्या साधनाने बाइटऐवजी वर्ण मोजले तर फील्ड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा हिशोब चुकतो, आणि शीर्षकाचं शेपूट लेखकाला जाऊन चिकटतं. लीडरमधलं नवव्या स्थानावरचं अक्षरही बघा. मोजणी शून्यापासून सुरू होते, आणि तिथे युनिकोडसाठी ‘a’ असावा लागतो. ज्या नियतकालिकांचे शेकडो बांधीव खंड एकाच नोंदीखाली आहेत, त्या नोंदी प्रतींच्या फील्डमुळेच ही मर्यादा ओलांडू शकतात. तिथे मार्कचंच दुसरं रूप, मार्क-एक्सएमएल, वापरा, त्याला लांबीची अशी अट नाही.

आणि तिसरं म्हणजे ‘ऱ’. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टंकला जातो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी ते एक होत नाहीत. वाचक एका रीतीने टाइप करतो, नोंद दुसऱ्या रीतीने असते, आणि समोर रॅकवर असलेलं पुस्तक ‘सापडले नाही’ म्हणून येतं. तसं हे नंतरही सुधारता येतं, पण एवीतेवी सगळा मजकूर एका नळीतून जाणारच आहे तर तिथेच एक नियम बसवून घ्या. कोहात शोधासाठी झेब्रा हे शोधयंत्र वापरणार असाल तर अनुक्रमणिकेला आयसीयूचा (निरनिराळ्या लिप्यांचा मजकूर हाताळणाऱ्या यंत्रणेचा) पर्याय निवडलाय ना, हेही सुरुवातीलाच विचारून ठेवा.

आता नंतरसाठी काय ठेवायचं ते सांगते. लेखकांच्या नावांची रूपं, विषयशीर्षकं, गाळलेले प्रकाशक, पानांची संख्या हे सगळं. त्याला महत्त्व नाही म्हणून नव्हे. नव्या प्रणालीत नोंदी एकत्र करण्याची, शेकडो नोंदी एका वेळी बदलण्याची, प्रमाणित नावांची फाईल ठेवण्याची साधनं आहेत; जुन्यात तेच काम एकेक नोंद उघडून करावं लागेल. शीर्षकांच्या दुबार नोंदीही याच गटात. त्या दोनाच्या दोन जाऊ द्या. दोन नोंदी नंतर एक करता येतात. चुकून एक झालेल्या दोन नोंदी वेगळ्या करणं फार जिकिरीचं असतं.

कंपनी म्हणेल, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) जुळला की आम्ही आपोआप एकत्र करतो. याला नाही म्हणा. अनेक खंडांच्या ग्रंथावर कधी कधी संपूर्ण संचाचा एकच आयएसबीएन असतो, आणि काही प्रकाशकांनी तोच क्रमांक वेगळ्या पुस्तकाला पुन्हा लावलेला असतो. मी असं एकत्रीकरण झालेलं पाहिलं आहे: आठ खंडांचा कोश, आणि तालिकेत पहिल्या खंडाच्या आठ प्रती. उलट, १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या जुन्या नोंदीत दहा अंकी आणि नव्या नोंदीत तेरा अंकी क्रमांक असतो आणि ते जुळत नाहीत. जुळणीचा उपयोग फक्त संशयितांची यादी काढण्यापुरता करा.

आता सहा आठवड्यांचं बघू. सुट्टीत शेवटचा हलवाहलवीचा टप्पा होऊ शकतो, पूर्ण काम नाही. त्याआधी तीन तरी रंगीत तालमी करा, म्हणजे पूर्ण डेटा काढून, बदलून, चाचणी सर्व्हरवर चढवून बघा. पहिल्या तालमीत काय काय मोडतं ते कळतं. दुसऱ्यात आपण केलेले उपाय खरंच लागू पडतात का ते कळतं. तिसरी घड्याळ लावून करायची, कारण तिच्यावरून ग्रंथालय किती दिवस बंद ठेवावं लागेल ते ठरतं. तालमींची एक शिस्त आहे. बाहेर काढलेल्या फाईलमध्ये हाताने दुरुस्ती करायची नाही. एक तर जुन्या प्रणालीतच सुधारा, नाही तर बदल नियम म्हणून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तो आपोआप लागेल. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी ताजा डेटा काढला की वाहून जाते, आणि ती केली होती हेही कुणाला आठवत नाही.

प्रत्येक तालमीनंतर आकडे जुळवा. शीर्षकं, प्रती, प्रत्येक विभागातल्या प्रती, प्रत्येक स्थितीतल्या प्रती, प्रत्येक वर्गातले सभासद, बाहेर असलेली पुस्तकं, आणि येणे असलेल्या दंडाची बेरीज शेवटच्या पैशापर्यंत. फरक चार प्रतींचा असला तरी त्या चार कोणत्या हे सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. माझा अनुभव आहे की चार हा आकडा क्वचितच नुसता चार असतो. त्यामागे एखादा नियम असतो आणि तो आणखी कुठेतरी शांतपणे काम करत असतो.

आकडे जुळले तरी समाधान मानू नका. रॅकवरून पन्नास पुस्तकं उचला आणि नव्या प्रणालीत शोधा, मग प्रणालीतून पन्नास निवडून रॅकवर शोधा. यात अडचणीची पुस्तकं मुद्दाम घ्या: बहुखंडी ग्रंथ, प्रबंध, सीडीसह आलेलं पुस्तक, सर्वांत जुना दाखल क्रमांक, बांधीव नियतकालिक, आणि एका वाचकाकडे असून दुसऱ्यासाठी राखीव असलेलं पुस्तक. हे देवघेवीच्या लोकांकडून करून घ्या. तालिकाकारांना नोंद दिसते, त्यांना समोर उभा असलेला वाचक दिसतो.

एक काळजी आवर्जून घ्या: चाचणी सर्व्हरवरून ईमेल आणि एसएमएस जाणं पूर्ण बंद करा, आणि ते बंद झाल्याची खात्री स्वतः करा. एकदा आमच्या चाचणीत तारखा चुकीच्या चढल्या आणि रात्रीत शेकडो विद्यार्थ्यांना मुदत संपल्याच्या सूचना गेल्या. सकाळी टेबलासमोर पुस्तकं घेऊन मुलं उभी होती. काहींनी ती वेळेत परत केलेलीही होती. त्यांचा विश्वास परत मिळवायला डेटा दुरुस्त करण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

प्रत्यक्ष हलवताना क्रम असा ठेवा. नवीन नोंदी करणं आठवडा-दोन आठवडे आधी थांबवा. नवी पुस्तकं तोवर बाजूला राहिली तर बिघडत नाही. देवघेव सगळ्यात शेवटी थांबवा. बंद काळात कुठलीही परतीची तारीख पडणार नाही अशा तारखा आधीच पुढे सरकवा आणि त्या दिवसांचा दंड बंद ठेवा. स्वयं-देवघेव यंत्रं, दारावरचे गेट, विद्यापीठाचं लॉगिन यांची जोडणी तिसऱ्या तालमीतच तपासून झालेली असावी. ही यंत्रं साधारणपणे सिप-२ या ठरलेल्या संवादपद्धतीने ग्रंथालय प्रणालीशी बोलतात आणि बारकोड कसा पाठवायचा याची त्यांची स्वतःची सेटिंग असते, शून्यांसकट.

सगळा इतिहास नेऊ नका. चालू देवघेव, चालू राखीव मागण्या आणि थकबाकी न्या. कोणी दहा वर्षांत काय वाचलं याची यादी नव्या प्रणालीत हवी कशाला? ती वाचकाची खाजगी गोष्ट आहे. प्रत किती वेळा बाहेर गेली हा नुसता आकडा ९५२ मध्येच नेता येतो आणि पुढे पुस्तकं बाद करायचं ठरवताना तो कामी येतो. निर्लेखित प्रतींबाबत तुमच्या लेखापरीक्षणाचा नियम काय ते बघा. मी तरी त्या वाचकांच्या तालिकेत दिसणार नाहीत अशा बेताने नेते, म्हणजे दाखल नोंदवहीशी मेळ राहतो.

कंपनीचा ‘एक आठवडा’ खोटा नाही. यंत्राला तेवढाच वेळ लागतो. बाकीचे महिने निर्णयांचे असतात, आणि ते निर्णय तुमचे आहेत. प्रशासनाला हे असंच सांगा, आणि तालमींच्या तारखा लिहून द्या. नुसतं ‘वेळ कमी आहे’ म्हटलं तर ऐकलं जात नाही. तारखा दिसल्या की ऐकलं जातं.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. देखभाल चालू आहे तोवर जुन्या डेटाबेसची पूर्ण प्रत, सर्व तक्त्यांसकट, स्वतःच्या ताब्यात घ्या. आणि रॅकवरून दहा अवघड पुस्तकं काढून प्रत्येकाबद्दल जुन्या प्रणालीला जे जे माहीत आहे ते कागदावर उतरवा: बारकोड, दाखल क्रमांक, स्थिती, कुणाकडे आहे, किती दंड. पहिल्या तालमीनंतर तो कागद घेऊन बसा. निर्यातीत मार्क मिळतं की फक्त तक्ते, आणि मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, एवढं कळवलंत तर मॅपिंगच्या तक्त्याचा आराखडा मी करून देते.